कडी काढल्यावर

मु. पो. तुझंच गाव, ता. धानोरा
२ मार्च

चि. निकेश यास,

ताईचे आशीर्वाद, दिव्यानीलाही सांग. बाबा तू दिवाळीत पाहून गेलास तसेच आहेत. लकवा मारलेला उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असतो, उजवा पाय ओढत चालतात. सकाळी उठल्यावर तासभर त्यांना कोणतं साल सुरू आहे ते कळत नाही, मग हळूहळू कळतं. शेतातली लाखोळीची डाळ काढून झाली. लग्नसराईमुळे शिलाईची कामं बरी आहेत. मोहाची फुलं अजून पडायला लागली नाहीत, होळी झाली की पडतील. तुझं पार्सल मिळालं.

झाली ख्यालीखुशाली. आता ऐक.

फोन सोडून पत्र का लिहिते म्हणशील. आपल्याकडे रेंज शाळेमागच्या टाकीच्या चबुतऱ्यावरच येते, हे तू विसरला नसशील. तिथं उभी राहून मी तुझ्याशी भांडले की पाण्याला आलेल्या बायका हंडे खाली ठेवून ऐकतात, आणि तिकडे तू तिसऱ्या मिनिटाला "ताई, मीटिंग आहे" म्हणून मोकळा होतोस. कागदाला मीटिंग नसते. शेवटपर्यंत वाच.

पार्सल धानोऱ्याहून एसटीत माझ्या मांडीवर बसून आलं. वजनावरून मला वाटलं टेबलफॅन असेल, उन्हाळा तोंडावर आहे, पोराला बापाची आठवण झाली. उघडलं तर हातभर लांबीचा पत्र्याचा डबा, मध्ये दुमडणारा एक लोखंडी दांडा, स्क्रूची पिशवी, विटेएवढी बॅटरी, भिंतीला लावायचं एक बटण आणि दोरीनं गळ्यात अडकवायचं दुसरं. सोबत पुस्तक, त्यात मराठीची एक ओळ नाही. दोन दिवस चित्रं पाहिली तेव्हा कळलं की हे दार उघडायचं यंत्र आहे. डबा चौकटीवर बसवायचा, दांडा दाराला जोडायचा, बटण दाबलं की दार आपोआप उघडतं आणि आपोआप मिटतं. लाईट गेली तरी बॅटरीवर चालतं.

इथवर मी गप्प होते. मग खोक्याच्या तळाशी तुझी चिठ्ठी सापडली. "ताई, आता बाबांना कोंडून ठेवायची गरज पडणार नाही."

कोंडून. मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. फाडणार होते, पण फाडली असती तर तू म्हणाला असतास की मी असं लिहिलंच नव्हतं. म्हणून बाबांच्या औषधांच्या डब्यात जपून ठेवली आहे.

दिवाळीत काय झालं ते तू दिव्यानीकडून ऐकलंस, माझ्याकडून कधी ऐकलं नाहीस. धानकापणी सुरू होती. तू त्या रात्री गडचिरोलीला मित्राकडे राहिला होतास. मी पहाटे धानाच्या बांधीत जायला निघाले आणि रोजच्या सवयीनं दाराला बाहेरून कडी घातली. आत तुझी बायको झोपली आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ती उठली, तिला बाहेर जायचं होतं, दार उघडेना. तासभर ती हाका मारत होती आणि बाबा खाटेवरून तिला समजावत होते, "थांब ना बाई, रंजी येते आता." चूक माझी होती. मी तिचे हात धरून माफी मागितली. ती हसलीसुद्धा.

पण जानेवारीत वरोऱ्याला गोपालभाऊंच्या मुलीच्या लग्नात, भर पंगतीत, तू काय म्हणालास? "आमची ताई बाबांना कोंडून ठेवते. आमच्या हिलाही सोडलं नाही." सगळे हसले. काकू वाढता वाढता थांबल्या आणि मला म्हणाल्या, "काऊन वं रंजीता, बुढ्याले असं ठेवतेस?" मी भरल्या ताटावरून उठले. तू भाताची दुसरी वाढ घेत होतास, तुला दिसलंही नाही.

आता कडी का लावते ते लिहिते, कारण विचारायचं तुला सुचलं नाही. मागच्या वर्षी मोहाच्या दिवसांत मी पहाटे दार नुसतं ओढून गेले होते. बाबा उठले, डोक्यात कोणतं तरी जुनं साल होतं, टोपली घेऊन मोह वेचायला निघाले. बोडीच्या तळ्याकाठी घसरले आणि कमरेपर्यंत चिखलात रुतून बसले. मी पोचले तेव्हा काठावर अस्वलाची पावलं उमटलेली होती, ताजी. तुला कळवलं नाही, तू तिकडे काळजी करत बसशील म्हणून. त्या दिवसापासून कामाच्या दिवसांत पहाटे साडेचार ते आठ मी कडी घालते. भरल्या घराला बाहेरून कडी घालणं आपल्याकडे बरं दिसत नाही हे मलाही कळतं. बाकी दिवसभर दार सताड उघडं असतं आणि मी शिलाई मशीन घेऊन त्यांच्यासमोर बसलेली असते. माझे यजमान गेल्यावर अहेरीहून परत आले त्याला नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत तू इथं राहिलास ते दिवस बोटांवर मोजता येतील.

गडचिरोलीचा सुरज नावाचा कारागीर गुरुवारी येणार म्हणे, तू पुण्यातूनच त्याला ठरवलंस. येऊ दे. मी आडवी येणार नाही. उद्या आणखी कोणाच्या लग्नात ऐकायला नको की ताईनं यंत्र लावूच दिलं नाही.

जेवणाखाण्याची आबाळ करू नकोस.

तुझ्या भाषेत कोंडणारी,
ताई


मु. पो. तेच
१७ मार्च

चि. निकेश,

आशीर्वाद. तू फोनवर विचारलंस, "बसलं का व्यवस्थित?" आणि मी "हो" म्हणाले, कारण मागे चार बायका उभ्या होत्या. आता नीट सांगते.

सुरज माणूस चांगला आहे. चाळिशीचा, शहरातल्या बँकांची नि दुकानांची काचेची दारं बसवतो. आपलं दार पाहून तो डोकं खाजवत उभा राहिला. म्हणाला, "बाई, भित मातीची आहे, इथी स्क्रू पकडत नाई." मग डबा वरच्या सागवानी आडव्या लाकडावर बसवायचं ठरलं. बाबांनी स्वतःच्या हातानं तासलेलं लाकूड ते. त्यात सुरजच्या ड्रिलची दोन पाती मोडली. प्रत्येक पातं मोडलं की खाटेवरून आवाज येई, "आपल्या जंगलाचं सागवान हाय ते." बाबा इतके खूश मी महिनोन्महिने पाहिले नव्हते. दार खाली जमिनीला घासत होतं, ते तासून घेतलं, बिजागऱ्यांना तेल दिलं. अख्खी दुपार गेली.

मग म्हणे यंत्राला दार शिकवायचं असतं. बटण दाबून धरलं, दार एकदा पूर्ण उघडलं, एकदा पूर्ण मिटलं, म्हणजे डब्याला कळलं की हे दार किती जड आहे आणि किती उघडतं. बाबा टक लावून पाहत होते. त्यांनी विचारलं, "खाते काय हे?"

"सेल खाते बाबाजी," सुरज म्हणाला.

"अन् पाणी?"

"पाणी नाई पित. पाण्यानं मरते."

बाबांनी मान हलवली, बैल विकत घेताना हलवायचे तशी.

हे सगळं झाल्यावर सुरजनं कडीकडे बोट दाखवलं. "बाई, हे काढा लागते. कडी घातली अन् बाबाजीनं आतून बटण दाबलं तं मोटर जळून जाते." मी म्हटलं राहू दे, मी पाहीन. तो ऐकेना, जबाबदारी त्याची होती. टाकीपर्यंत चालत जाऊन त्यानं तुला फोन लावला आणि परत आला तो तुझा हुकूम घेऊनच. "साहेब मनले, कडी काढूनच टाका. ताईले सांगा, बाबा काई लहान पोरगं नाई." मोहाचा हंगाम तोंडावर असताना, पहाटे इथं काय होतं ते पत्रात वाचूनसुद्धा, तू पुण्यात खुर्चीवर बसून माझ्या घराची कडी काढलीस. सुरजनं पक्कडीनं ती उपटली. दारावर तिच्या जागी दोन भोकं राहिली, त्यांत मी मेण भरलं.

पुढची मजा ऐक. कंपनीनं ठरवलंय की माणूस पाच सेकंदांत दारातून बाहेर पडतो. कोणत्या देशातला माणूस, देव जाणे. आपला उंबरठा वीतभर उंच, बाबांना डावा पाय उचलायचा, मग उजवा हातानं धरून ओलांडायचा. पहिल्याच दिवशी त्यांचा एक पाय आत नि एक बाहेर असताना दार मिटायला लागलं आणि त्यांच्या गुडघ्याला टेकून थांबलं. लागलं नाही. पण बाबा त्या दाराला हात जोडून म्हणाले, "थांब ना बापू." माझ्या अंगाची लाही लाही झाली.

दुसरं असं की दाराला बाहेरून जरा ढकललं तरी ते उघडायचं. आपल्याकडे दार वाजवतं कोण? माणूस येतो तो ढकलतच येतो आणि बकरीही. शेजारच्या रुखमाबाईंच्या बकरीला हे एका दिवसात समजलं. कपाळ टेकवायची, दार उघडायचं, आत यायची. तिनं एका नवरीच्या ब्लाऊजची बाही खाल्ली. वर रुखमाबाई मलाच म्हणतात, "माही बकरी गेली तं उघडते, अन् मी गेली तं काऊन उशीर लावते वं तुहं दार?"

सुरज फोन उचलेना. शेवटी मीच स्टुलावर चढले, पुस्तकातली चित्रं आणि बारावीपर्यंतचं इंग्रजी जुळवून डब्याच्या पोटातली बारीक बटणं शोधली. ढकलायची सोय बंद केली. पाच सेकंदांचे तीस केले. आता दार बाबांसाठी थांबतं, ते बाहेर पडले की मग आपलं आपण मिटतं. हे मी केलं, तुझ्या कारागिरानं नाही, एवढं लक्षात ठेव.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहिते. बाबांना ते बटण फार आवडलं. दुपारी मनात येईल तेव्हा दाबतात, दारापुढच्या सपरीत येऊन बसतात आणि रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून सांगतात, "मीच आलो बाहेर." ती बोडीची पहाट सोडली तर दोन वर्षं त्यांना बाहेर यायला कोणाचा तरी हात लागत होता, बहुतेक माझाच. तेव्हा तुझं हे बरोबर निघालं. घे.

पण पहाटेचं काय, हे तू अजूनही विचारलं नाहीस. मोह पडायला लागलाय. रुखमाबाई गुडघ्यांमुळे जंगलात जात नाहीत, त्यांना दाराकडे पाहायला सांगून जाते. त्या म्हणतात, "तू जाय वं, मी आहो ना इथी." मी जाते, पण झाडाखाली वाकले तरी कान घराकडे असतात. वेचणं निम्म्यावर आलंय.

बिनकडीच्या घरातून,
ताई


मु. पो. तेच
९ एप्रिल

चि. निकेश,

बाबांना काल दवाखान्यातून घरी आणलं. डावा हात हलतो. डोळे सगळ्यांना ओळखतात. चमच्यानं पातळ भात घेतात. बोलत नाहीत.

परवा तू फोनवर म्हणालास, "ताई, तू होतीस म्हणून बाबा वाचले. तुझे उपकार कसे फेडू?" मी फोन ठेवला, तो रेंज गेली म्हणून नाही. गावातही हेच चाललंय. रुखमाबाई येईल त्याला सांगतात की रंजीता कशी अनवाणी धावली. बायका येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवतात. "कोंडून ठेवते" म्हणालास तेव्हा मला राग आला होता, पण झोप लागत होती. "उपकार" ऐकल्यापासून ती लागत नाही. तेव्हा हे पत्र बायकोसमोर मोठ्यानं वाचू नकोस. आधी एकट्यानं वाच.

तुला मी फोनवर सांगितलं की बाबा पहाटे बटण दाबून बाहेर गेले, उन्हात सापडले आणि त्यांना लकव्याचा दुसरा झटका आला. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. मधलं गाळलं आहे.

आणि आधी हेही सांगते की तू फोनवरूनच चौकशी करत होतास तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात नऊ दिवस मी तुला शिव्या देत होते. कडी कोणी काढली? तू. बाबा लहान पोरगं नाहीत असं कोण म्हणालं? तू. पुढच्या लग्नात भर पंगतीत तुला काय काय ऐकवायचं, याची वाक्यं मी तयार करून ठेवली होती, एकेक पाठ केली होती. तो राग अजून गेलेला नाही आणि तो खोटाही नाही. पण तो करता करता एका जागी येऊन मी दर वेळी अडकायची. ती जागा आता लिहिते.

तीस मार्च. मी साडेचारला निघाले. शेताजवळच्या दोन मोहांखाली त्या दिवशी सडा पडला होता. बोडीपलीकडच्या तिसऱ्या झाडाकडे मी मागच्या वर्षीपासून जात नाही, अस्वलामुळे. पण ते झाड बाबांचं. आजोबांनी वाटणीत त्यांना दिलेलं, लहानपणी आपल्या दोघांना ते तिथंच न्यायचे. मी गेल्यावर थोड्या वेळानं बाबा उठले असतील, मोहाचा वास घरात येतच होता. गळ्यातलं बटण दाबलं, खुंटीवरची लहान टोपली घेतली, आणि पाय ओढत निघाले. अख्खं गाव झाडांखाली होतं, त्यांना पाहायला कोणी नव्हतं. रुखमाबाई हापशीवर गेल्या होत्या. तीस सेकंदांनी दार आपोआप मिटलं.

रुखमाबाई परत आल्या तेव्हा दार मिटलेलं. आपल्याकडे घर रिकामं असलं की बाहेरून कडी असते. कडी नाही, दार मिटलेलं, म्हणजे माणूस आत. जन्मभर असंच पाहत आलो आपण. त्यांनी तसंच धरलं आणि कांडायला बसल्या. त्यांचा दोष नाही. ज्यानं उघडलं तो गेल्यावर मागे मिटून घेणारं दार त्यांनी कुठं पाहिलं होतं?

मी आठ वाजता आले. मिटलेलं दार पाहिलं. आणि मीही तेच धरलं, की बाबा आत आहेत.

आता वाच, निकेश. मी आत गेले नाही.

एरवी मी टोपलं उतरवते आणि आधी आत जाते. त्या दिवशी अंगणात मोह पसरला. मग सपरीत खांबाला टेकून बसले. आतून आवाज नव्हता. मनात म्हटलं, झोपले असतील, झोपू दे बिचाऱ्यांना. हे मी स्वतःला सांगितलं, रुखमाबाईंना सांगितलं, नंतर पोलीसपाटलांनाही सांगितलं. खरं असं की मला आत जायचं नव्हतं. आत गेलं की ओलं अंथरूण. ते बदलताना बाबा सकाळच्या त्या तासात मला ओळखत नाहीत, डाव्या हातानं मारतात, आणि विचारतात, "निकेश कुठी गेला? निकेशले बोलाव." रोज, निकेश. नऊ वर्षं मी इथं आहे आणि रोज सकाळी ते तुला बोलावतात. मी रोज सांगते की तो येतो आता, आणि त्यांना धुते, आणि चहा पाजते, आणि मग हळूहळू त्यांना मी कोण ते आठवतं.

त्या दिवशी ते मला नको होतं. रुखमाबाईंनी चहा दिला तो प्यायले. पायातले काटे काढले. केस सोडून विंचरले, वर्षानुवर्षं मी दिवसाउजेडी केस विंचरले नव्हते. वारा येत होता. एकदा वाटलं, आत फारच सामसूम आहे. उठले नाही. असं वाटलं की दार मिटलेलं आहे तोवर हा वेळ माझा आहे. मला छान वाटत होतं. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही.

दहा वाजता मी बाहेरच्या भिंतीवरचं बटण दाबलं. दार उघडलं. खाट रिकामी होती, खुंटीवर टोपली नव्हती.

मग मी धावले, ते मात्र सगळ्यांनी पाहिलं.

बोडीपलीकडे बाबा झाडाच्या बुंध्याला टेकून बसलेले होते. शेजारच्या टोल्यावरच्या वस्तीतला म्हातारा गुराखी लालसू त्यांच्याजवळ होता. गुरं घेऊन जाताना त्याला ते नुकतेच दिसले होते. त्याला एकट्यानं उचलवेना आणि टाकूनही जाववेना, म्हणून स्वतःचा गमछा त्यांच्या डोक्यावर धरून बसला होता, भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी घोटघोट पाजत होता. बाबांचा चेहरा लाल झालेला, अंगाला घामाचा थेंब नाही. पण डावा हात चालूच होता, जमिनीवरचं एकेक फूल उचलून टोपलीत टाकत होते. टोपली अर्धी भरली होती. मला पाहिलं आणि ओळखलं. पहिल्या नजरेला ओळखलं, सकाळ असून. लालसूकडे वळून म्हणाले, "मी तुले मनलं नव्हतं? घरी नाई दिसलो का माही रंजी धावतच येते."

जीप येईपर्यंत त्यांचं तोंड वाकडं झालं. तेच शेवटचं बोलले ते.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ उन्हात होते. मी म्हटलं माहीत नाही. ते कागदावर लिहीत लिहीत सहज म्हणाले, "दोनेक तास आधी आणलं असतं तर बोलणं कदाचित राहिलं असतं." त्यांना काही ठाऊक नव्हतं, ते प्रत्येकाला असंच म्हणत असतील.

एवढंच गाळलं होतं.

मी यंत्राची बॅटरी काढून ठेवली आहे. डबा अजून वर आहे, तो तू येऊन काढ, मी स्टुलावर चढणार नाही. यंत्रावर माझा राग नाही, त्यानं सांगितलं तेवढं केलं. तुझ्यावर आहे. दोन वर्षं बापाचं अर्धं अंग लुळं पडलेलं असताना तू माणसाच्या जागी खोकं पाठवलंस आणि त्यावर चिठ्ठीही लिहिलीस. आणि माझ्यावर आहे, तो किती आहे ते तुला कळणार नाही.

मला तुझी माफी नको. तू माफ केलंस तर तुझं काम तिथं बसूनच संपेल. तू रागाव. पण फोनवर रागावू नकोस आणि पत्रानंही नाही. तेंदूपत्त्याची तोडणी सुरू व्हायच्या आत इथं ये, महिनाभराची रजा घेऊन ये, आणि बाबांच्या खाटेशी बसून त्यांच्यासमोर मला काय बोलायचं ते बोल. त्यांना सगळं ऐकू येतं. त्यांनाही कळू दे, कारण मी रोज त्यांच्या डोळ्यांत पाहते आणि ते अजून माझ्याकडे त्या झाडाखालच्यासारखंच पाहतात.

मग सकाळी त्यांचं अंथरूण तू बदल. ते ज्याला बोलवायचे तो तू आहेस, तुला ते मारणार नाहीत. तेवढा वेळ मी सपरीत बसेन. मला रोज दोन तास बाहेर बसायचं आहे, निकेश. आत कोणीतरी आहे हे ठाऊक असताना.

कसलेही उपकार न केलेली,
तुझी ताई,
रंजीता